दिवसातला पारसिकचा बोगदा

गेल्या पावसाळ्यातली एका सोमवारची ओपीडी. सोमवारी आमच्याकडे केसपेपरच्या खिडकीपासून जिन्यापर्यंत रांग असते. बाराच्या सुमारास बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ समोर येऊन बसले. राहायला डोंबिवली पूर्वेला, नोकरी मुंबईत. घरी बायको, दोन मुले आणि आई. तक्रार अशी की, छातीत धडधडते, रात्री दोनला जाग येते, कशातच लक्ष लागत नाही. हातात जाडजूड फाइल. तिच्यात तीन ईसीजी, एक टूडी इको, रक्ताचे झाडून सगळे अहवाल. सगळे नॉर्मल.

"डॉक्टर, मला आजार काही नाही हे मलाही कळतंय," ते म्हणाले. "पण शांत वाटत नाही. शांत वाटायची एखादी गोळी असते का?"

नाडी पाहायला मी त्यांचे मनगट धरले. मी नाडी पूर्ण मिनिटभर मोजतो. तेवढ्या वेळात त्यांच्या खिशातला फोन तीनदा थरथरला आणि तिन्ही वेळा माझ्या बोटांखालची नाडी क्षणभर पळाली. याला कोणी शास्त्रीय पुरावा म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण त्या माणसाची बेचैनी मला त्या एका मिनिटात जेवढी कळली, तेवढी फाइलमधून कळली नव्हती. आणि खरे सांगायचे तर त्याच मिनिटात टेबलावरचा माझा फोनही दोनदा वाजला होता. माझीही नजर तिकडे गेलीच होती.

गेली काही वर्षे असे रुग्ण वाढल्याचे मला जाणवते. त्यांना नेमका रोग सांगता येत नाही. 'डोकं भरल्यासारखं वाटतं', 'आत कुणीतरी घाई करतंय', 'रविवारीसुद्धा सोमवार असतो', अशी त्यांची भाषा असते. त्यांच्यासाठी, आणि थोडेसे स्वतःसाठीही, हा लेख.

मन चंचल, पण तेव्हा दुकान नव्हते

मन भटकते ही तक्रार आजची नाही. समर्थ रामदासांनी सतराव्या शतकात मनाला समजावण्यासाठी २०५ श्लोक रचले. तेव्हा ना फोन होता, ना लोकल. तरीही मनाला इतक्या वेळा हाक मारावी लागली, यातच सगळे आले. तेव्हा 'पूर्वी माणसे शांत होती आणि मोबाइलने वाट लावली' असे सोपे उत्तर मी देणार नाही.

मात्र एक गोष्ट नवी आहे. पूर्वी मन आपले आपण भटकत असे. आता ते भटकावे यावर कुणाचा तरी धंदा चालतो. आपण पडद्यावर जितका वेळ थांबू तितक्या जाहिराती दिसतात. म्हणून पडदा अशा रीतीने रचलेला असतो की, पुढच्या ओढीला काय निघेल हे कळू नये. कधी मित्राच्या मुलीच्या लग्नाचा फोटो, कधी भांडण, कधी काहीच नाही. बक्षीस ठरलेल्या वेळी मिळाले तर प्राणी कंटाळतो; कधी मिळेल हे ठाऊक नसले तर तो कळ दाबतच राहतो, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी गेल्या शतकातच प्रयोगांतून दाखवले होते. जुगाराचा नाद याच कारणाने लागतो. तो नाद आता आपण खिशात घेऊन फिरतो.

त्याचा परिणाम मोजला गेला आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधक ग्लोरिया मार्क यांनी संगणकावर काम करणाऱ्या माणसांचे लक्ष किती वेळ टिकते, याच्या नोंदी वर्षानुवर्षे घेतल्या. २००४ च्या सुमारास पडद्यावरच्या एका गोष्टीवर माणूस सरासरी अडीच मिनिटे टिकत होता. अलीकडच्या काळात हा आकडा सुमारे ४७ सेकंदांवर आला आहे. एवढ्या वेळात ठाणे स्टेशनात थांबलेली लोकल धड सुटतही नाही.

एका कामावरून दुसऱ्या कामावर उडी मारली की आपण पूर्णपणे तिकडे जातो, असे आपल्याला वाटते. तसे होत नाही. सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये मांडले की, आधीचे काम अर्धवट सोडले तर लक्षाचा काही भाग तिकडेच अडकून राहतो आणि नव्या कामाला उरलेल्या लक्षावर भागवावे लागते. डॉक्टर म्हणून मला हे रोज दिसते. नुकत्याच तपासलेल्या रुग्णाची काळजी डोक्यात असली की, पुढच्याचे पहिले वाक्य ऐकूनही न ऐकल्यासारखे होते. दिवसभरात असे पन्नास, शंभर अर्धवट तुकडे साठले की, संध्याकाळी जे 'डोकं भरल्यासारखं' वाटते ते हेच. काम फार झालेले नसते. सुटलेले धागे फार झालेले असतात.

मधली वेळ कुठे गेली?

ठाणे आणि कल्याण ही जुनी बंदरे. पण त्यांचे आणि डोंबिवलीचे आजचे रूप रेल्वेने घडवले. १६ एप्रिल १८५३ रोजी देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली. पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत पोचले. तेव्हापासून या पट्ट्यातल्या माणसाच्या दिवसाला तीन भाग पडले: घर, ऑफिस आणि या दोहोंमधला गाडीतला तास-दीड तास.

या तासाबद्दल मला खोटा गहिवर आणायचा नाही. मीही या मार्गावर उभ्याने प्रवास केला आहे. चौथ्या सीटवर अर्धे शरीर टेकवून, पायांच्या बोटांवर तोल सावरत. त्या गर्दीत शांती वगैरे काही नव्हती. पण तो तास दिवसाचा उंबरठा होता. ऑफिस मागे पडलेले असे आणि घर अजून आलेले नसे. कुणी भजनी मंडळात टाळ धरी, कुणी पत्ते मांडी, कुणी उभ्याउभ्या डुलकी घेई, बायकांच्या डब्यात गवार मोडली जाई. कुणी नुसतेच खाडीकडे बघत असे. साहेबाशी झालेली वादावादी मुंब्र्यापर्यंत डोक्यात घोळून विरून जाई आणि माणूस घराचे दार उघडेपर्यंत बराचसा रिकामा झालेला असे.

याच वाटेवर पारसिकचा बोगदा आहे. १९१६ मध्ये सुरू झालेला, सुमारे १.३ किलोमीटर लांबीचा. काही वर्षांपूर्वीपर्यंत जलद लोकल त्यातून जायच्या. गाडी बोगद्यात शिरली की, बाहेर अंधार, कानात घुमणारा आवाज आणि फोनची रेंज गुल. चालू असलेले बोलणे अर्ध्यावर तुटे, लोक फोन खाली घेत, एकमेकांकडे बघत. मिनिट-दोन मिनिटांत पलीकडचा उजेड दिसे. २०२२ मध्ये पाचवी आणि सहावी मार्गिका सुरू झाली आणि बोगदा लांब पल्ल्याच्या गाड्यांकडे गेला. जलद लोकल आता मुंब्र्यावरून जातात. प्रवासाच्या सोयीसाठी ते चांगलेच झाले. पण त्या माझ्या रुग्णाशी बोलताना मला तो बोगदा आठवला. आपल्या दिवसातून असे सगळेच बोगदे नाहीसे झाले आहेत. रेंज नसलेली जागा आणि काही करायचे नसलेली वेळ उरलेलीच नाही. रिक्षाच्या रांगेत, लिफ्टमध्ये, दूध उतू जाण्याची वाट बघताना, एवढेच काय, संडासातही हात खिशाकडे जातो. ऑफिस गाडीत येते, गाडीतून घरी येते आणि उशीशी झोपते. उंबरठाच उरला नाही, तर माणूस आत कधी आला आणि बाहेर कधी गेला हे मनाला कळणार कसे?

माझे म्हणणे एवढेच आहे: मन:शांती हरवली म्हणून आपण ती मोठ्या सुटीत, डोंगरावर, शिबिरात शोधतो. ती हरवली आहे मात्र या लहान-लहान मधल्या वेळांत. तिथेच ती परत मिळू शकते.

पळून जाऊन भागत नाही

कल्याणहून कसाऱ्याच्या घाटापलीकडे इगतपुरीला सत्यनारायण गोएंका यांनी १९७६ मध्ये सुरू केलेले विपश्यना केंद्र आहे. तिथे दहा दिवसांच्या शिबिरात मौन पाळायचे असते, फोन जमा करावा लागतो. आपल्या भागातून बरेच जण जातात आणि बऱ्याच जणांना त्याचा उपयोग झाल्याचे मी ऐकले आहे. पण अकराव्या दिवशी फोन परत मिळतो. मग काय करायचे, हा प्रश्न उरतोच. 'शनिवार-रविवार फोन कपाटात' असा उपवास करणारेही भेटतात. सोमवारी पारणे असे काही फिटते की विचारू नका.

या बाबतीत एका प्रयोगाने माझे मत बदलले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रयोग भारतातल्याच २३७ स्मार्टफोनधारकांवर झाला. दोन आठवडे काहींचे नोटिफिकेशन नेहमीसारखे चालू ठेवले. काहींना ते तासातासाने एकगठ्ठा दिले, काहींना दिवसातून तीनदाच, तर काहींचे पूर्ण बंद केले. आपल्याला वाटेल की, पूर्ण बंद असलेले लोक सर्वांत शांत झाले असतील. तसे झाले नाही. त्यांची अस्वस्थता उलट वाढली. आपले काहीतरी सुटते आहे, ही टोचणी त्यांना लागली. बरे वाटले ते दिवसातून तीनदा गठ्ठ्याने संदेश मिळणाऱ्यांना. त्यांचे लक्ष अधिक लागले, मन:स्थिती सुधारली, दिवस आपल्या हातात असल्यासारखे वाटले.

हे वाचून मला हसूच आले. दिवसातून तीनदा! आम्ही डॉक्टर मंडळी सगळे आयुष्य हेच तर लिहीत आलो. औषध तेच असते. वेळ ठरवून घेतले तर गुण येतो, दिवसभर मूठ-मूठ खाल्ले तर विष होते. फोनचेही तसेच आहे. तो टाकून द्यायचा नाही, त्याला वेळा लावून द्यायच्या. सकाळी एकदा, दुपारी जेवणानंतर एकदा, संध्याकाळी एकदा, असे संदेश बघायचे. घरच्या चार-पाच माणसांचा फोन तेवढा केव्हाही वाजू द्यायचा. तशी सोय प्रत्येक फोनमध्ये असते. बाकी सगळ्यांना सांगून टाकायचे: तातडीचे असेल तर फोन करा, मेसेज टाकू नका. पहिले चार दिवस हात शिवशिवतात. मग लक्षात येते की, दोन तासांनी पाहिलेल्या शंभर मेसेजपैकी तातडीचा एकही नव्हता.

मधल्या वेळेत करायचे काय?

इथे एक खाचखळगा आहे, तो लपवणे बरोबर नाही. फोन दूर ठेवला म्हणजे शांत वाटतेच असे नाही. मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट या हार्वर्डच्या संशोधकांनी २०१० मध्ये सुमारे सव्वादोन हजार लोकांना दिवसातून अवचित वेळी विचारले, की आत्ता काय करत आहात आणि मन कुठे आहे? जवळपास ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हते. आणि भटकणाऱ्या मनाची माणसे त्या क्षणी कमी आनंदी होती. म्हणजे रिकामी वेळ मिळाली आणि मनाने त्यात कर्जाचे हप्ते, मुलाची दहावी आणि भावाशी चाललेला जागेचा वाद काढला, तर धडधड वाढेल, कमी होणार नाही. म्हणून मनाला टेकायला एखादी साधी, शरीराजवळची गोष्ट हवी.

सगळ्यात जवळची गोष्ट म्हणजे श्वास. यात गूढ काही नाही. आपण श्वास सोडतो तेव्हा व्हेगस नावाच्या मज्जातंतूचा प्रभाव वाढून हृदयाची गती किंचित कमी होते. श्वास घेतो तेव्हा किंचित वाढते. म्हणून लांबवलेला उच्छ्वास हा हृदयाच्या वेगावरचा हलका ब्रेक आहे. प्रौढ माणूस साधारणपणे मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो. तो सहापर्यंत उतरवला की हृदयाचा ठेका आणि रक्तदाबाचे चढउतार एका लयीत येतात. इटलीतले लुइजी बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक गमतीदार निरीक्षण छापले. ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि बौद्ध परंपरेतला एक मंत्र, दोन्हीच्या संथ पठणात श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येत होता. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, श्वास एकच. आपल्याकडचा नामजप, दिवेलागणीचे स्तोत्र, गाडीतले भजन यांतही लांब ओळ एका दमात म्हणावी लागते. आपल्या आज्यांना संध्याकाळी हात जोडून बसल्यावर जे बरे वाटे, त्यात भक्ती होतीच. या लांबलेल्या उच्छ्वासाचाही वाटा असावा, असे मला वाटते.

आपल्याच राज्यात, लोणावळ्याच्या कैवल्यधाममध्ये स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून योगक्रिया प्रयोगशाळेत मोजायला सुरुवात केली होती. शंभर वर्षांपूर्वी! तेव्हा श्वासाकडे लक्ष देणे म्हणजे मागासलेपण नाही आणि चमत्कारही नाही. करून पाहा: मनात चार आकडे मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा. एका मिनिटात असे सहा श्वास होतात. तीन मिनिटे पुरे. श्वास रोखून धरू नका; विशेषतः दमा, हृदयरोग किंवा उच्च रक्तदाब असेल तर मुळीच नाही. चक्कर आल्यासारखे वाटले तर थांबा.

हे मी स्वतः का करू लागलो, तेही सांगतो. दोन-तीन वर्षांपूर्वी ओपीडीच्या ऐन गर्दीत रुग्ण तपासता तपासता मी फोनवरच्या कुठल्याशा ग्रुपमध्ये उत्तर देत होतो. समोरच्या आजींच्या चिठ्ठीवर रक्तदाबाची एकच गोळी मी दोन ओळींत दोनदा लिहिली. औषध देणाऱ्या फार्मासिस्टच्या ते लक्षात आले, म्हणून त्याने चिठ्ठी परत पाठवली. आजी मात्र जिना पुन्हा चढून आल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्हीबी दमताच की." त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्या दिवसापासून ओपीडीच्या वेळी फोन खणात असतो. आणि एक रुग्ण उठून दुसरा बसेपर्यंत मी दोन सावकाश श्वास घेतो. वीस सेकंद जातात. शंभर रुग्णांत अर्धा तास जातो, हे खरे. पण निम्म्या लक्षाने पाहिलेला रुग्ण पुन्हा पाहावा लागतो, त्याचा हिशेब कोण ठेवतो?

झोप न येणाऱ्यांसाठी आणखी एक साधा उपाय. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात २०१८ मध्ये ५७ तरुणांवर झालेल्या प्रयोगात, झोपण्यापूर्वी पाच मिनिटे उद्याच्या कामांची यादी कागदावर लिहिणाऱ्यांना, झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटे लवकर झोप लागली. प्रयोग लहान आहे, पण उपायाला खर्च शून्य आहे. सुटलेले धागे डोक्यातून कागदावर उतरले की मनाला पहारा द्यावा लागत नाही.

सगळा भार माणसावर टाकू नका

इतके सांगूनही एक गोष्ट मला बोचते. 'श्वास घ्या, फोन ठेवा' हा सल्ला देणे सोपे आहे. रात्री साडेदहाला ज्याचा साहेब ग्रुपवर 'अपडेट?' असे विचारतो, त्याने फोन कुठे ठेवायचा? ऑर्डर नाकारली तर ज्याची कमाई बुडते, त्या घरपोच सामान देणाऱ्या मुलाने? गाडीतून उतरून थेट ओट्यापाशी उभ्या राहणाऱ्या बाईला मधली वेळ मुळातच किती मिळते? तिच्यासाठी तर गाडीतले गवार मोडणेही विरंगुळा नव्हता, घरकामच होते. एका खोलीत पाच माणसे राहतात, तिथे कोपरा कुठून आणायचा?

२००५ मध्ये निशिकांत कामत यांचा 'डोंबिवली फास्ट' आला. त्यातल्या माधव आपट्यांचा तोल सुटतो, तेव्हा त्यात स्मार्टफोनचा काही हात नव्हता. रोजची दगदग आणि पावलोपावली मोडणारे नियम यांनी तो साधा माणूस आतून संपत आणला होता. तो चित्रपट आपल्याला इतका आपला वाटला, कारण बेचैनी ही नुसती मनाची नसते, ती गावाचीही असते.

म्हणून काही मागण्या गावाकडेही करायला हव्यात. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालतात. रुग्णालये आणि शाळांभोवतीच्या शांतता क्षेत्रासाठी ५० आणि ४०. हे आकडे आपल्यापैकी कितींनी ऐकले आहेत? उत्सवात, बांधकामावर आणि विनाकारण हॉर्नवर ते लागू करावेत, हे मागणे धर्माच्याही आड येत नाही आणि विकासाच्याही. कामाची वेळ संपल्यावर साहेबाच्या संदेशाला उत्तर न देण्याचा अधिकार फ्रान्समध्ये २०१७ पासून कायद्याने मिळाला आहे. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत तशा आशयाचे खासगी विधेयक मांडले होते. कायदा होईल तेव्हा होवो. रात्री नऊनंतर ग्रुपवर काम टाकायचे नाही, एवढे तर प्रत्येक ऑफिसला, शाळेला आणि हाऊसिंग सोसायटीला आजच ठरवता येईल. हे मी साहेब मंडळींना मुद्दाम सांगतो, कारण तेही माझ्याकडे धडधड घेऊन येतातच.

आणि आपल्याकडे जागा अगदीच नाहीत असेही नाही. ठाण्यात मासुंद्याची तलावपाळी आहे, उपवन आहे, कल्याणात काळा तलाव आहे. संध्याकाळी तिथे गेलो तर अर्धी माणसे पाण्याकडे पाठ करून सेल्फी घेत असतात. त्यातली पंधरा मिनिटे पाण्याकडे तोंड करून बसलो तर तलाव काही जास्त पैसे मागणार नाही.

हे मात्र फोनच्या माथी मारू नका

डॉक्टर म्हणून शेवटचे आणि महत्त्वाचे. प्रत्येक बेचैनी धावपळीची नसते. थायरॉइड वाढला तरी धडधडते, हिमोग्लोबिन उतरले तरी धडधडते, साखर कमी-जास्त झाली तरी घाबरल्यासारखे होते. आधी तपासून घ्या. छातीत दाब किंवा कळ, घाम, दम, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारे दुखणे असेल तर श्वास मोजत बसू नका, लगेच रुग्णालय गाठा.

आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास असेल, आवडत्या गोष्टींत रस उरला नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, सतत अपराधी वाटत असेल, जगणे नकोसे होत असेल, तर तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. आपल्याकडे अडचण निराळीच आहे. ठाण्यात १९०१ पासून मनोरुग्णालय आहे, त्यामुळे 'याला ठाण्याला पाठवा' ही साऱ्या महाराष्ट्रात थट्टा झाली. ठाण्यात राहणारे आपणही ती करतो. त्या एका थट्टेपायी कित्येक जण वर्षानुवर्षे डॉक्टरांचे दार ठोठावत नाहीत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दर दहा प्रौढांमागे साधारण एकाला मानसिक आजार असल्याचे दिसले आणि त्यांतल्या बहुसंख्यांपर्यंत उपचार पोचतच नव्हते. याच ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये 'आयपीएच' ही संस्था सुरू केली आणि मनाच्या आरोग्याविषयी मराठीत मोकळेपणाने बोलायची सवय लावली. ठाण्याची ही ओळख आपण अधिक मिरवायला हवी. २०२२ पासून 'टेली-मानस' ही सरकारी सेवाही आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही फोन करा. पैसे पडत नाहीत, मराठीतून बोलता येते. फोनचा याहून चांगला उपयोग मला ठाऊक नाही.

ते डोंबिवलीचे गृहस्थ दीड महिन्याने पुन्हा आले. मी त्यांना गोळी दिली नव्हती. एवढेच सुचवले होते की, परतीच्या गाडीत ठाणे सुटले की फोन पिशवीत टाकायचा आणि डोंबिवली येईपर्यंत बाहेर काढायचा नाही. खिडकी मिळाली तर खाडी बघायची, नाही मिळाली तर श्वास मोजायचा. जमले का, असे विचारल्यावर ते म्हणाले, "रोज नाही जमत. आठवड्यातून तीन-चारदा जमतं. धडधड अजून होते कधीकधी. पण परवा घरात शिरलो तर मुलगी म्हणाली, बाबा, आज तुम्ही लवकर आलात. घड्याळात पाहिलं तर नेहमीचीच वेळ होती."

मी नाडी पाहिली. बहात्तर. फोन या वेळी त्यांनी बाहेर बाकावर बसलेल्या पत्नीकडे ठेवला होता.

जलद लोकलच्या वाटेवर आता बोगदा नाही. तेव्हा ठाणे सुटल्यावर रेंज आपण होऊनच सोडावी लागेल. मिनिट-दोन मिनिटांनी पलीकडचा उजेड दिसतोच.